तिसरा पडदा

१

माझं कामच चुका शोधायचं आहे. शाळेच्या गणिताच्या पुस्तकांची प्रुफं तपासते. कुठे घातांक खाली घसरलाय, कुठे अनुस्वार गळालाय, हे बघण्यात माझं अर्धं आयुष्य गेलं. त्यामुळे माझ्या डोळ्यांबद्दल कुणी काही बोललं की माझं डोकं फिरतं.

सकाळी नाश्त्याची भांडी विसळून झाली की मी मागच्या खोलीत जाऊन बसते. वर्तकनगरचं घर सोडून घोडबंदर रोडवरच्या या टॉवरमध्ये आलो, तेव्हाच मी माझ्या नवऱ्याला, तानाजीरावांना, बजावलं होतं की मागची खोली माझी. त्यांना टीव्ही आणि हॉल पुरतो. दार लावलं की रस्त्यावरचे हॉर्नसुद्धा ऐकू येत नाहीत. लॅपटॉपचा पडदा लहान पडायला लागला म्हणून त्या खोलीसाठी मोठा मॉनिटर घेतला, भिंतीलगतच्या टेबलावर ठेवला, वायर जोडली आणि हौसेने पहिलं पान उघडलं.

अक्षरं सुजलेली होती.

दुसरा शब्द सुचत नाही. वेलांट्या फुगलेल्या, अनुस्वार पसरलेले, काना जाडजूड. उभं पान आडवं पसरलेलं. मी सेटिंग उघडलं. मॉनिटरच्या खोक्यावर जे रिझोल्यूशन छापलं होतं, ते यादीत नव्हतंच. लॅपटॉपचा स्वतःचा छोटा पडदा मात्र शेजारी आरशासारखा स्वच्छ.

दुकानात फोन लावला. मयूर नावाच्या तंत्रज्ञाने ऐकून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाला, "मॅडम, रिसेंटली चष्म्याचा नंबर चेक केलाय का?"

"लॅपटॉपवर मला मुंगी दिसते," मी म्हटलं. "मॉनिटरवर बैल दिसत नाही. यात चष्मा कुठून आला?"

"नाही मॅडम, एज वाढलं की मोठ्या स्क्रीनवर होतं असं."

मी फोन ठेवला. पडद्यावर एक वर्तुळ काढलं. ते आडवं, लंबगोल आलं. त्याला फूटपट्टी लावून फोटो काढला आणि मयूरला पाठवला. माझं वय कितीही झालं तरी फूटपट्टीचं वय होत नाही.

तोवर त्याच सुजलेल्या अक्षरांवर काम करणं भाग होतं, छपाईची तारीख जवळ आली होती. डोळे ताणून वाचत होते. एका पानावर फार चुका नव्हत्या, म्हणून भरकन पुढचं पान ओढलं. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. "च्च."

आपलं वाचून व्हायच्या आत कुणी पान उलटलं की आपण करतो, तसा.

पाल असेल म्हणून मी मॉनिटरच्या मागे बघितलं. भिंत नवी, कोरी. तिथे पाल नव्हती.

२

मयूर स्वतः आला. डोंबिवलीच्या मानपाड्याहून निघून वाहतुकीत अडकत पोहोचेपर्यंत दुपार झाली होती. आल्या आल्या पाणी मागितलं आणि वर्तुळ बघून म्हणाला, "सॉरी मॅडम. खरंच लंबगोल आहे."

मी त्याचं 'सॉरी' ऐकून घेतलं आणि पाणी आणून दिलं.

त्याने वायर बदलली. वायर खुपसायची खाच बदलली. लॅपटॉपमधलं काहीतरी काढून टाकून पुन्हा भरलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. फरक शून्य. मग त्याने पडद्यांची मांडणी दाखवणारं पान उघडलं आणि मान पुढे काढून बघत राहिला.

"मॅडम, तुम्ही टीव्ही जोडलाय का याला?"

"नाही."

"मग हे बघा. एक म्हणजे तुमचा लॅपटॉप. दोन म्हणजे हा मॉनिटर. पण इथे नुसतं दोन नाही लिहिलेलं. दोन, मध्ये उभी रेघ, आणि तीन. म्हणजे या मॉनिटरवरचं चित्र अजून एका पडद्यावर जातंय. सेम टू सेम, डुप्लिकेट. तो पडदा असेल जुना, चौकोनी. दोघांना झेपेल तेवढंच रिझोल्यूशन येतं, म्हणून तुमचं चित्र ताणलं जातंय."

मला आधी बरं वाटलं. चूक सापडली की मला नेहमीच बरं वाटतं. मग ते नीट डोक्यात शिरलं.

"म्हणजे मी इथे जे वाचते, ते दुसरं कुणीतरी बघतंय?"

"बघतंय म्हणजे... जातंय तिकडे. वायफायवरून शेजारच्यांच्या टीव्हीला चुकून जोडलं गेलं असेल. होतं कधीकधी."

त्याने तो तिसरा पडदा काढून टाकला. चित्र क्षणभर लखलखीत झालं आणि आमच्या डोळ्यांदेखत पुन्हा सुजलं. दोन, उभी रेघ, तीन. त्याने पुन्हा काढला. तो पुन्हा आला. मयूरने हॉलमध्ये जाऊन वायफायचा डबाच बंद केला. लॅपटॉपचं वायफायही बंद केलं.

तरी रेघेपलीकडचा तीन जागचा हलला नाही.

"नाव काय त्या यंत्राचं?" मी विचारलं. "प्रत्येकाला नाव असतं ना?"

"नाव ब्लँक आहे," मयूर म्हणाला. त्याने सामान पिशवीत भरायला घेतलं. "मॅडम, असं करा. डुप्लिकेटच्या जागी एक्स्टेंड करून ठेवतो. मग तुमचा मॉनिटर वेगळा, तो वेगळा. तुमचं क्लिअर होईल. तिकडे नुसता रिकामा पडदा दिसेल, जे कोण असेल त्याला."

अक्षरं स्वच्छ झाली. वर्तुळ गोल झालं. मयूर चहाला थांबला नाही.

३

काम झालं होतं, गप्प बसता आलं असतं. तानाजीरावांचं म्हणणं तेच होतं. "अगं, दिसतंय ना आता नीट? जाऊ दे."

"जाऊ दे? कुणीतरी माझ्या खांद्यावरून वाचत होतं इतके दिवस! छापायच्या आधीची पुस्तकं आहेत ती. उद्या बाहेर फुटली तर माझं काम जाईल. आणि तुम्ही म्हणता जाऊ दे!"

त्यांनी टीव्हीचा आवाज थोडा वाढवला.

आमच्या मजल्यावर राहती घरं दोनच. आमचं आणि ऐश्वर्या नावाच्या मुलीचं. ती दिवसभर ऑफिसात असते. संध्याकाळी मी तिला गाठलं. बिचारीने मला घरात नेऊन दाखवलं. टीव्ही नवा, भिंतभर लांब. चौकोनी काहीच नाही.

उरलेले दोन फ्लॅट कुलूपबंद. त्यातला एक माझ्या मागच्या खोलीच्या भिंतीला लागून. तो हितेशचा. हितेश आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी. टॉवर उभा राहायच्या आधी इथे त्याच्या घरच्यांची शेती होती, म्हणून इमारतीतले बरेच फ्लॅट त्यांच्याकडे आहेत. मनाने चांगला आहे, पण कुठलीही तक्रार हसण्यावारी नेतो.

"काकी, तिकडे कोण नाय राहत. टाइल्सपण नाय लावल्या अजून."

"भाड्याने दिला असशील आणि सांगत नसशील."

"लाइटचा मीटरच नाय बसवला! तुम्ही खाली जाऊन बघा, त्या फ्लॅटची जागा रिकामी आहे. लाइट नाय तर टीव्ही चालणार कशावर, हवेवर?"

मी खरोखरच खाली जाऊन बघितलं. मीटरची जागा रिकामी होती, नुसत्या वायरी लोंबत होत्या. मी ते बघून वर येईपर्यंत हितेशने हसू दाबून ठेवलं होतं.

"काकी, जरा फिरायला जात जा संध्याकाळचं. सारखं कॉम्प्युटरपुढे बसून होतं असं."

म्हणजे आधी माझे डोळे गेले होते, आता डोकंही गेलं.

४

दुसऱ्या दिवशी मी कामाला बसले. अक्षरं कोरीव, स्वच्छ. पण माझं लक्ष लागेना. माऊसचा बाण उजव्या कडेला नेला की तो मॉनिटरवरून निघून जायचा. पुढे त्याला जायला जागा होती. मी माऊस ओढत राहायचे आणि तो कुठेतरी चालत असायचा. माझ्या हाताखाली असून मला न दिसता. परत आणला की यायचा.

मला संताप आला. भीती नाही, संताप. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर सगळ्यांनी मला 'घाबरल्या असाल' असं ऐकवलं.

मी कोरं पान उघडलं, मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'तुम्ही कोण आहात ते मला ठाऊक नाही. हे आमचं घर आहे. दुसऱ्याच्या घरात डोकावताना लाज वाटायला हवी.'

पान चिमटीत धरल्यासारखं माऊसने धरलं आणि उजव्या कडेपलीकडे ढकलून दिलं. आता तिकडच्या रिकाम्या पडद्यावर तेवढंच दिसत असणार. वाचा म्हटलं, हे वाचा.

स्वयंपाकघरात जाऊन कुकर लावला. परत येऊन पान ओढून आणलं. वाचलं. बरोबर होतं. बंद करणार, एवढ्यात माझा डोळा अडखळला. वर्षानुवर्षांच्या सवयीने अडखळतो तसा.

'हे आपलं घर आहे.'

बाकी अक्षराला धक्का नव्हता. 'आमचं'चं 'आपलं' झालं होतं, एवढंच.

मी स्वतःला विचारलं, तूच लिहिलं असशील का? रागाच्या भरात होतं. यंत्र आपणहून शब्द बदलतं, तसं झालं असेल का? मी 'आमचं' पुन्हा लिहून बघितलं. यंत्राने बदललं नाही. दहा वेळा लिहिलं असतं तरी बदललं नसतं, कारण 'आमचं' हा शब्द चूक नाही. चूक असलीच तर ती फार वेगळ्या जातीची. आमचं म्हणजे माझं आणि तानाजीरावांचं. त्यात तू नाहीस. आपलं म्हटलं की त्यात ऐकणाराही आला.

मी 'आपलं' खोडून 'आमचं' केलं, खाली रेघ मारली आणि पान परत पलीकडे ढकललं. या वेळी खुर्चीतून उठले नाही. भिंतीकडे बघत बसले. पंखा चालू होता. हॉलमध्ये टीव्हीवर कुणीतरी भाजीला फोडणी देत होतं. आणि भिंतीकडून आवाज आला, अगदी हळू. "च्च."

पान ओढून आणलं.

'हे आपलं घर आहे.' खालची रेघ मात्र मी मारलेली, तशीच.

५

"किल्ली घे आणि वर ये," मी हितेशला फोनवर सांगितलं. "आत्ता. नाहीतर मी कुलूप फोडते."

माझ्या आवाजात काहीतरी असावं. तो हसला नाही. जेवणाचं ताट बाजूला सारून आला.

मी तानाजीरावांना मागच्या खोलीत माझ्या खुर्चीवर बसवलं. पडद्यांच्या पानावर एक बटण असतं. ते दाबलं की ज्या त्या पडद्यावर त्याचा आकडा मोठा उमटतो, म्हणजे कुठला कोणता ते ओळखता यावं. "फोन कानाला लावून ठेवा," म्हटलं, "आणि मी सांगितलं की हे बटण दाबा." ते मान हलवत बसले. भांडण टाळायचं असलं की ते काहीही करतात.

हितेशने दार उघडलं. आत सिमेंटचा वास. आमच्याच घराचा नकाशा, फक्त उलटा. आमचं डावं ते इथे उजवं. खिडक्यांना आतून वर्तमानपत्रं चिकटवलेली होती, त्यामुळे भरदुपारी पिवळट अंधार. जमिनीवर धुळीचा थर. त्यावर एकही पाऊल उमटलेलं नव्हतं, ते हितेशने मला बोट करून दाखवलं. "बघा काकी. कोण नाय आलेलं."

आम्ही मागच्या खोलीच्या दारात उभे राहिलो. चार भिंती. ना खुर्ची, ना पडदा, ना वायर. समोरच्या भिंतीपलीकडे माझं टेबल.

"झालं समाधान?" हितेशने विचारलं.

मी फोनवर म्हटलं, "दाबा."

भिंतीतून उजेड आला.

दिवा नाही, पडदा नाही. कोऱ्या गिलाव्यातून, बसल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवरून, निळसर पांढरा उजेड जमिनीवर पडला. धुळीवर त्याचा चौकोन उमटला. आणि त्या चौकोनात सावली होती. डोकं, खांदे, मांडी घालून बसलेल्या माणसाचा पसारा. ज्याची सावली होती ते मात्र तिथे नव्हतं. भिंत आणि आम्ही यांच्यामध्ये फक्त रिकामी खोली.

सावलीची मान किंचित पुढे झुकलेली होती. मन लावून वाचणाऱ्याची असते तशी. माझी असते तशी.

हितेशने माझं मनगट पकडलं. मला दुखेपर्यंत.

आणि मी ओरडले. आजही कुणी विचारलं तर सांगते, भीतीने नाही. इतके दिवस सगळे मला वेड्यात काढत होते आणि हे इथे निवांत बसलं होतं. "उठा!" मी ओरडले. "उठा इथून! चालते व्हा!"

सावली वाचायची थांबली. मग उठली. म्हातारं माणूस उठतं तशी, हात गुडघ्यावर टेकवून, सावकाश. ती दाराकडे आली नाही. ती मोठी होत गेली. ती उजेडाच्या जवळ, भिंतीच्या जवळ जात होती. चौकोन भरला, आमचे पाय बुडाले, आणि उजेड गेला.

कानाला लावलेल्या फोनमधून तानाजीरावांचा आवाज आला. तो माझ्याशी नव्हता. कुणी पाहुणा दारात दिसल्यावर बोलतात त्या आवाजात ते म्हणाले, "या ना. बसा."

६

मी कशी धावले ते आठवत नाही. तानाजीराव माझ्या खुर्चीत बसलेले होते. फोन हातात, चेहरा नेहमीसारखा.

"काय गं, एवढ्या धापा का टाकतेस?"

"कोण आलं होतं?"

"कुठे?"

"तुम्ही 'या, बसा' कुणाला म्हणालात?"

"मी? छे. मी तर नुसतं बटण दाबलं."

पडद्यांचं पान समोर उघडंच होतं. एक. दोन. तिसरा चौकोन नव्हता. मी लॅपटॉप बंद करून चालू केला, वायर काढून पुन्हा घातली. एक आणि दोन. खोक्यावर छापलेलं रिझोल्यूशन यादीत सगळ्यात वर होतं. ते आपणहून लागलंही होतं. मयूरला फोन केला तर तो उत्साहाने म्हणाला, "बघा! झालं ना मॅडम? कधीकधी आपोआप होतं."

हितेश कुलूप लावून घरी गेला होता. संध्याकाळी मी त्याला खाली गाठलं. मला एवढंच हवं होतं की त्याने एकदा 'हो' म्हणावं. बाकी काही नको.

"काकी, पेपर फाटलेला खिडकीचा. त्यातून ऊन आलं."

"आणि माझं मनगट कशाला धरलंस?"

त्याने फोनमध्ये डोकं घातलं. "तुम्ही पडल्या असत्या म्हणून."

मी त्याला हात दाखवला. त्याच्या बोटांचे वळ अजून होते. तो बघेना. त्या दिवशी मला जेवढा राग आला तेवढा सावलीचासुद्धा आला नव्हता.

७

डोळे ताणून तपासलेली प्रुफं मी पुन्हा नीट तपासून वेळेत पाठवली. अक्षरं कोरीव दिसतात. मागच्या खोलीत कसलाही आवाज येत नाही. भिंत नुसती भिंत आहे. तानाजीराव म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो?" मीही मान डोलावली.

ऐश्वर्याने विचारलं, घर बदलणार आहात असं ऐकलं, खरं का? मी तिला विचारलं, का म्हणून? घर घेतलंय आम्ही. राहणार आहोत.

दुपारी काम आटोपलं की मी हॉलमध्ये येते. आमचा सोफा तिघांचा आहे. तानाजीराव पूर्वी बरोबर मध्ये पसरून बसायचे, एक हात या पाठीवर, एक त्या. त्यावरून मी कितीदा बोलले असेन. हल्ली ते एका टोकाला बसतात, पाय जवळ घेऊन, अंग चोरून. मी विचारलं, असे कडेला का बसता? ते म्हणाले, "इथून टीव्ही नीट दिसतो." मग मी दुसऱ्या टोकाला बसले. मीही अंग चोरूनच बसले, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

परवा हितेश सोसायटीच्या मीटिंगचं सांगायला आला. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. माझा राग गेला नव्हता, पण घरी आलेल्या माणसाला उभं कसं ठेवायचं? तानाजीराव त्यांच्या टोकाला होते, मी माझ्या. मी म्हटलं, "चहा टाकते. तू बस."

तो सोफ्यापाशी आला. बसायला वाकला आणि अर्ध्यातच थांबला. मागे सरकून सरळ उभा राहिला.

"अरे, बस ना," मी म्हटलं. "जागा आहे की."

हितेशने आमच्या दोघांच्या मध्ये बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. या वेळी त्याने नजर चुकवली नाही.

"कुठे आहे, काकी?" तो म्हणाला.